बांबू आडवा ठेवण्यापुरती जागा

अर्ज लिहिणे हे काम बाहेरून दिसते तितके सोपे नाही, हे मी गेली तीस वर्षे लोकांना सांगत आलो आहे आणि आता सांगण्याचाही कंटाळा आला आहे. कचेरीच्या कंपाउंडच्या भिंतीला लागून माझे टेबल आहे. वर पत्र्याचा तुकडा, खाली एक पाय आखूड असलेली खुर्ची आणि समोर अर्जदारासाठी स्टूल. शिक्षण म्हणाल तर लासूर स्टेशनच्या शाळेत नववीपर्यंत झाले; दहावीला गणिताने घात केला. तरीही पदवी घेतलेली माणसे स्टुलावर बसून माझ्याकडून अर्ज लिहून घेतात, ही वस्तुस्थिती आहे. ती मी फुशारकी म्हणून नव्हे, तर नोंद म्हणून येथे लिहितो.

या धंद्याचे काही नियम मी माझ्यापुरते बांधून ठेवले होते. अर्जात दुःख आधी यावे, मागणी नंतर. अर्जदाराजवळ जे आहे त्याचा उल्लेख शक्यतो टाळावा. मुलगा कमावता असेल तर तो विभक्त राहतो असे लिहावे, शेत असेल तर ते कोरडवाहू आहे असे लिहावे. यात खोटे काही नसते. फक्त कशावर उजेड पाडायचा आणि काय अंधारात ठेवायचे हे ठरवायचे असते. साहेबापुढे दिवसभरात शेकडो कागद येतात. त्यांत ज्याची अवस्था सर्वांत वाईट, त्याच्या कागदावर हात थांबतो. निराधार योजनेचे पगार, रेशनकार्डे, घरकुले, अपंगांचे दाखले असे किती अर्ज या नियमाने मंजूर झाले याची मोजदाद मी ठेवलेली नाही. ‘अर्जदार अत्यंत गरीब, निराधार व परिस्थितीने गांजलेला असून’ हे शब्द माझा हात आता झोपेतही लिहू शकतो.

तर यंदा उन्हाळ्याच्या सुरुवातीला एका संस्थेची मुलगी माझ्याकडे आली. पंचविशीची असेल, पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला फाइलींनी फुगलेली कापडी पिशवी. ती मला पहिल्याच वाक्यात ‘काका’ म्हणाली. या आवारात मला सगळे मुन्शीसाहेब म्हणतात. परंतु मी ते तिच्या लक्षात आणून दिले नाही. तिच्या संस्थेने पैठण रोडला चितेगावच्या अलीकडे एक बंद पडलेले गोदाम घेतले होते. तिथे हाताने काम करणाऱ्या गरीब कारागिरांना बसायला जागा, पाण्याचा हौद आणि थोडी अवजारे मिळणार होती. अट अशी की धंदा जमिनीला, पाण्याला त्रास न देणारा हवा. म्हणजे माती, बांबू, कापूस, जुने कापड अशा वस्तूंचा. पहिल्या खेपेला सातच जागा होत्या. प्रत्येकाने दोन पानी अर्ज करायचा होता आणि त्यात आपल्या धंद्याविषयी लिहायचे होते. शहरातले कारागीर कशासाठीही माझ्याकडेच येतात असे तिला कोणीतरी सांगितले होते, म्हणून अर्ज कसा हवा ते ती मला समजावून द्यायला आली होती.

ती बरेच बोलली. मी टेबलावरचे कागद सारखे करत ऐकले. खरे सांगायचे तर अर्धेच ऐकले. शेवटी मी तिला म्हणालो की, बाळा, अर्ज कसा लिहायचा हे मला शिकवण्याचे कष्ट तू घेऊ नकोस. ती ओशाळली आणि कोरे फॉर्म ठेवून निघून गेली. तिच्या बोलण्याचा जो अर्धा भाग मी ऐकला नाही, त्याची रुखरुख मला अजूनही लागून आहे.

त्या फॉर्मांवर माझ्याकडून चार जणांनी अर्ज लिहून घेतले. एक कुंभार, एक गाद्या भरणारा पिंजारी, जुन्या कापडाच्या पिशव्या शिवणारी एक विधवा आणि एक बुरूड बाई. येथे लिहितो ते त्या बुरूड बाईविषयी आहे.

वय पंचेचाळिशीच्या आसपास, अंगाने काटक, बोटांवर बांबूच्या कुसळांच्या काळ्या खुणा. ती स्टुलावर बसली नाही. फुटपाथवरच मांडी घालून तिने पिशवीतून ओल्या कामट्या काढल्या आणि माझ्याशी बोलता बोलता टोपलीचे बूड धरायला सुरुवात केली. मी म्हणालो की बाई, इथे कचेरीचे काम चालते. ती म्हणाली, “तुमचा हात चालू द्या मुन्शीसाहेब, माझाबी चालू द्या. दोघांच्या पोटाचं हाय.”

तिची अडचण अशी होती. ती राहते त्या जुन्या गल्लीत बुरडांची चार घरे आहेत आणि आजवर ती सगळी घरापुढच्या रस्त्यावर बसूनच काम करीत आली. आता गल्लीत सिमेंटचा रस्ता व्हायचा होता. ठेकेदाराची माणसे येऊन सांगून गेली होती की पावसाळ्याच्या आत रस्ता मोकळा करा, पुन्हा तिथे काही ठेवता येणार नाही. घर एका खोलीचे. बांबू वीस फुटांचा. तो उभा ठेवायला छत आड येते आणि आडवा ठेवायला भिंत. मी म्हणालो की मधोमध कापून ठेवावा. तेव्हा तिने माझ्याकडे असे पाहिले की मी काही असभ्य बोललो की काय असे मला वाटले. मग तिने समजावले की बांबू चिरायचा तो अखंड चिरायचा. एका टोकाला कोयता घालून दुसऱ्या टोकापर्यंत न्यायचा, तेव्हा लांब कामटी निघते आणि मोठ्या डालीला, धान्याच्या कणगीला ती लागते. तुकड्यांतून फक्त लहान माल होतो. म्हणजे बांबूची जेवढी लांबी, तिच्या दुप्पट जागा चिरणाऱ्याला हवी. ती जागा गेली की धंदा गेला. एवढे सांगून तिने कामटी दातात धरून सोलली.

माल कोण घेते, असे मी विचारले. हा प्रश्न फॉर्मवरच छापलेला होता. यावर तिचा चेहरा खुलला. लग्नसराईत सूप आणि दुरड्या जातातच, ती म्हणाली. मयतीचे बांबूही तिच्याकडूनच जातात. त्याला घेणारा घासाघीस करत नाही आणि बुरूडही भाव सांगत नाही, ते देतील ते घ्यायचे, ही त्यांच्यातली रीत. पण गेल्या वर्षापासून एक नवीन गिऱ्हाईक लागले होते. पैठण रोडच्या एका नर्सरीवाल्याला काळ्या प्लास्टिकच्या पिशव्या नकोशा झाल्या होत्या, कारण त्यांत रोपांच्या मुळ्या गोल गोल फिरून गुदमरतात. त्याने बाईकडून वीतभर उंचीच्या सैल विणीच्या टोपल्या करून घेतल्या. रोप टोपलीसकट खड्ड्यात लावायचे. मुळ्या विणीतून बाहेर पडतात आणि टोपली मातीत कुजून जाते. वीण किती सैल ठेवायची हे तिने स्वतः तीन वेळा मोडून ठरवले होते. “आधी माती सांडायची. मंग लई घट झाली, तर मुळीच भाईर येईना. आता बरोबर बसलीया,” असे म्हणून तिने दोन बोटे विणीत घालून दाखवली. नर्सरीवाला म्हणतो तेवढ्या टोपल्या तिला एकटीला होत नव्हत्या. जागा मिळाली तर शेजारच्या दोन बायकांनाही बसवीन, असे ती म्हणाली.

मी मान हलवत होतो आणि यातले काही अर्जात घालायचे नाही, हे ठरवत होतो.

अर्ज मी दुसऱ्या दिवशी पूर्ण केला. तो चांगला उतरला होता, असे मला तेव्हा मनापासून वाटले. अर्जदार पिढीजात बुरूड समाजातील असून, प्लास्टिकच्या वस्तू बाजारात आल्यापासून सदर धंदा मृतप्राय झालेला आहे, मालास कोणीही विचारीत नाही, अर्जदार हलाखीत दिवस कंठीत असून सदर जागा न मिळाल्यास तिच्यावर उपासमारीची पाळी येणार आहे, अशी ती वाक्यरचना होती. ‘कंठीत’ हा शब्द मी जाणीवपूर्वक घातला होता.

बाई सही करायला आली तेव्हा रीतीप्रमाणे मी तो तिला वाचून दाखवला. ऐकताना टोपली विणणारे तिचे हात प्रथमच थांबले.

“हे कुनाचं हो?” तिने विचारले.

“तुमचंच.”

“माझ्या मालाला कुनी इचारत नाय, असं मी कवा म्हनले? नर्सरीवाल्याचं कुटं गेलं?”

मी तिला शांतपणे समजावले की अर्ज म्हणजे गप्पा नव्हेत. सगळे ठीक चालले आहे असे तुम्हीच लिहून दिले तर समोरचा कशाला काही देईल. ती थोडा वेळ कागदाकडे पाहत राहिली. तिला वाचता येत नव्हते, परंतु सही येत होती आणि ती करण्याआधी ती नेहमी कागदाकडे असे पाहते, हे मला माहीत होते, कारण तिच्या रेशनकार्डाचा अर्जही पूर्वी मीच लिहिला होता.

“मला लाज वाटायली बगा ऐकून,” ती म्हणाली. “पर तुमी रोजचं करता. तुमाला कळतंय.” आणि तिने सही केली.

साधारण तीन आठवड्यांनी ती संस्थेची मुलगी पुन्हा आली. या वेळी ती स्टुलावर बसली. संस्थेच्या निवड समितीने सातही जागा ठरवल्या होत्या. माझ्या हातच्या चार अर्जांपैकी एकही निवडलेला नव्हता. ज्यांनी मुलाबाळांकडून, शेजाऱ्यांकडून वेड्यावाकड्या अक्षरांत अर्ज लिहून आणले होते, त्यांना जागा मिळाल्या होत्या. एका चांभाराने तर फॉर्मच्या मागे आपल्या चपलेचे चित्र काढून पाठवले होते, तोही घेतला होता. मी म्हणालो की मग तुमच्या समितीला अर्जातले काही कळत नाही.  तिने पिशवीतून बुरूड बाईचा अर्ज काढला आणि ‘मालास कोणीही विचारीत नाही’ या ओळीवर बोट ठेवले. त्या ओळीखाली कोणीतरी लाल शाईने रेघ मारली होती.

“काका, आम्ही मदत वाटत नव्हतो,” ती म्हणाली. “चालणाऱ्या कामाला जागा देत होतो. मी त्या दिवशी तुम्हाला हेच सांगत होते. या बाईंनीच लिहून दिलंय की त्यांचा माल खपत नाही. मग समितीनं काय करायचं?”

  मी तिला नर्सरीवाल्याचे सांगितले. टोपलीसकट रोप लावण्याचे सांगितले, विणीत दोन बोटे कशी बसतात तेही सांगितले. ती ऐकत गेली तसा तिचा चेहरा पडत गेला. हे लिहिले असते तर ही बाई यादीत पहिली असती, असे ती म्हणाली. मग उठून गेली. मीही त्या दिवशी पुढचे अर्ज घेतले नाहीत. लोक येऊन स्टुलाशी थांबत आणि माझ्याकडे पाहून शेजारच्या टेबलावर जात.

पिंजाऱ्याला कळले तेव्हा तो स्वतःच टेबलापाशी आला. रागावला नाही, फक्त म्हणाला, “मुन्शीजी, तुमने तो मेरेकू जीते जी गाड दिये,” आणि हसत हसत चहा मागवून तो अर्धा मला दिला. तो चहा पिणे मला जड गेले. कुंभार आणि पिशव्यावाली आलेच नाहीत. माझ्याकडचे अर्ज नामंजूर होण्याची त्यांना आधीही सवय असावी, असा एक विचार मनात येऊन गेला आणि तो मी बाजूला सारला.

बुरूड बाईला मात्र मी सांगायला जाणे भाग होते. अर्जदाराच्या घरी जाण्याची माझी पद्धत नाही. तरीही एका दुपारी टेबल लवकर आवरून गेलो. गल्लीच्या एका अंगाला खडीचे ढीग पडले होते. उरलेल्या पट्टीत तिचे आठदहा बांबू गटाराच्या कडेने आडवे ठेवलेले होते आणि त्यांच्यावरून शाळेची पोरे उड्या मारत जात होती. ती दारात बसून टोपल्या विणत होती. मला पाहून तिने आत हाक मारून पाणी मागवले आणि मला पाट दिला.

मी सुरुवात समितीपासून केली. समितीवर निवृत्त झालेली माणसे असतात, त्यांना गरिबांचे काही पडलेले नसते, वशिला चालतो, अशी चारपाच वाक्ये मी बोललो. ती विणत राहिली. माझे बोलून झाल्यावर तिने एकच विचारले, “तुमी मला वाचून दावलं व्हतं, तेच वाचलं का त्यांनी?”

मी होय म्हणालो.

“मंग बरोबर हाय त्यांचं,” ती म्हणाली. “मीबी नसती घेतली असली बाई.”

आतून पाणी घेऊन आलेली तिची सून हसली, आणि मग आपण हसायला नको होते असे वाटून पदर तोंडाला लावून आत गेली. मी पाणी प्यालो. उठायला हवे होते, पण मी बसून राहिलो. थकवा म्हणतात तो असा एखाद्या दिवसाचा नसतो. तो साठत जातो आणि कुठल्यातरी परक्या दारात पाटावर बसल्यावर आपले वजन सांगतो. किती माणसांना मी त्यांच्याच तोंडाने त्यांच्याहून लहान करून कागदावर उतरवले असेल, हा प्रश्न मला तिथे पडला. परंतु त्याच कागदांवर त्यांतल्या अनेकांचे पगार सुरू झाले हेही खरे आहे. या दोहोंचा मेळ मला आजही घालता आलेला नाही.

फेरविचारासाठी अर्ज करता येतो, हे मी तिला सांगितले.  मी तिथेच मांडीवर फाइल घेऊन लिहायला बसलो. पहिली ओळ लिहिली ती ‘अर्जदार अत्यंत’ अशी झाली. ती खोडली. दुसरा कागद घेतला, त्यावरही हात त्याच वळणाने गेला. शेवटी मी पेन उघडे धरून तिला म्हणालो की तुम्ही सांगा, मी उतरवून घेतो. तिने सांगितले आणि मी विचारत गेलो. बांबू कुठून येतो, किती दिवस भिजतो, एका बांबूत किती टोपल्या होतात, खराब कामट्यांचे काय होते. खराब काही राहत नाही, ती म्हणाली. बारीक कामट्या झाडणीला जातात आणि भुसा चुलीत. मी हे सगळे सरळ लिहीत गेलो. वाक्ये आखूड झाली. वाचताना मला तो अर्जच वाटेना. एखाद्याने बाजारात उभे राहून सांगावे तसे ते वाटले. वाचून दाखवल्यावर ती म्हणाली, “व्हय, हे माझं हाय,” आणि या वेळी कागदाकडे न पाहता तिने सही केली.

तो कागद मी स्वतः चितेगावच्या बसने जाऊन दिला. मुलीने उभ्या उभ्या वाचला आणि आत नेला. जागा सातच होत्या आणि सातही भरल्या होत्या. पुढची खेप कधी निघेल ते तिला माहीत नव्हते, निघेल की नाही हेही ती सांगू शकली नाही. परंतु गोदामाच्या मागे कुंपणापर्यंत मोकळी जागा पडून होती. तिथे बांबू ठेवायला आणि बसायला समितीची हरकत नाही, असे तिने दोन दिवसांनी फोनवर कळवले. छप्पर मात्र नाही, हौद आतल्या लोकांचे झाल्यावर वापरायचा.

बाईने ते घेतले. गल्लीत सिमेंट पडायच्या आदल्या दिवशी तिचे बांबू टेम्पोवरून गेले. मागच्या टोकांना लाल फडके बांधलेले होते. मी टेम्पोत पुढे बसलो होतो, कारण गेटवर दाखवायचे संस्थेचे परवानगीपत्र माझ्याकडे होते. तिथे पोचल्यावर तिने आणि शेजारच्या दोघी बायकांनी बांबू भिंतीच्या कडेने एकाशेजारी एक मांडले. पूर्ण लांबीने. तिने एक ओढून घेतला, टोकाला कोयता घातला आणि ठोकत ठोकत दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेली. मध्ये कुठे थांबावे लागले नाही. गोदामातले लोक दारात येऊन पाहत होते. 

आता पाऊस सुरू झाला आहे. ती शेजारच्या दोघींना घेऊन रोज सकाळी शेअरिंग रिक्षाने जाते आणि आभाळ उघडे असेल तेवढा वेळ बसते. मागच्या आठवड्यात मी तिथे गेलो तेव्हा तिने मला ताडपत्रीसाठी लिहायला सांगितले. ताडपत्री संस्थेकडे आहे, पण लेखी मागितल्याशिवाय देता येत नाही, असे मुलीने तिला सांगितले होते. मी पिशवीतून कागद काढला.

“लिवा,” ती म्हणाली. “बांबू भिजला तर चालतंय. इनलेला माल भिजला तर बुरशी धरतो. ताडपत्री पायजे. बास.”

मी तेवढेच लिहिले, तिची सही घेतली आणि आत नेऊन दिले. त्या अर्जाचे उत्तर हे लिहीपर्यंत आलेले नाही. विणलेल्या टोपल्या ती सध्या खताच्या रिकाम्या पोत्यांखाली झाकून ठेवते, आणि पाऊस वाढला की त्या तिघी गोदामाच्या वळचणीखाली भिंतीला पाठ लावून, पाय आत ओढून विणतात.